रिकाम्या पेल्याचं वजन

रविवार, २४ जानेवारी

सकाळी सहाला उठलो. चहा केला, अर्धा प्यायलो. स्वयंपाकघरातले डबे मधल्या खोलीत आणून ठेवले, ओट्याशेजारचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि भिंतीला रंगाचा पहिला हात दिला. साडेदहा वाजले. रंग वाळायला तीन तास लागतात. तेवढ्या वेळात हे पत्र.

ती. ताईंना वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना जास्त दुखतो की चढताना, ते डॉक्टरांना नीट सांगत जा. मागच्या वेळी तुम्ही "दोन्ही वेळा" म्हणालात आणि त्यांनी दोन्ही वेळच्या गोळ्या दिल्या. साडूभाऊंचा खोकला कमी झाला असेल. माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाक मीच करतो. परवा भात केला. त्याचा गोळा पातेल्यातून अख्खा निघाला, म्हणून तो काठोकाठ भरलेल्या पाण्यात सोडला, सांडलेलं पाणी मोजलं आणि गोळ्याचं वजन केलं (गोळा पाण्यात फुटला नाही, यावरून काय ते समजा). घनता १.२४ आली. आमच्या पांढऱ्या रंगाची साधारण १.३० असते, म्हणजे भिंतीला लावायला तो थोडासाच कमी पडला. जेवण म्हणून त्याच्याबद्दल काही लिहीत नाही.

तुम्ही साडूभाऊंकडून निरोप पाठवून मागितलेली तुमच्या बहिणीची शाल, विणायच्या सुया आणि शाळेत गणिताला मिळालेलं बक्षिसाचं पुस्तक बांधून ठेवलं आहे. उद्या पोस्टात टाकतो. पण पत्राचं कारण ते नाही. डिसेंबरात, ती गेल्यानंतर चौथ्या दिवशी, तुम्ही परत निघालात तेव्हा दारात एका पायात चप्पल घालून मला विचारलंत, "दोन माणसांचं घर. रोज समोरासमोर बसून जेवत होतात. तुम्हाला काहीच कसं कळलं नाही हो?" मी तेव्हा तुमची दुसरी चप्पल शोधत होतो. चप्पल बाकाखाली सापडली, उत्तर सापडलं नाही. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी तुमच्या जागी असतो तर दुसरी चप्पल न घालताच गेलो असतो. आज उत्तर देतो आहे. ते जरा लांबून द्यावं लागेल, कारण ते आमच्या रंगाच्या कारखान्यातून निघतं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. लग्न ठरवताना तुमच्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा करतो काय? मी म्हणालो, रंगाची घनता काढतो. मग पडद्यामागून तुमचा आवाज आला, "म्हणजे दिवसभर पेला भरायचा आणि रिकामा करायचा. चला, निदान स्वतः पीत तरी नाही." त्या दिवसापासून तुमच्या घरात मी पेलेवाला झालो. तक्रार तेव्हाही नव्हती, कारण काम खरोखर तेवढंच आहे. ठरावीक मापाचा स्टीलचा पेला रंगाने काठोकाठ भरायचा, वजन करायचं, त्यातून रिकाम्या पेल्याचं वजन वजा करायचं, उरलेल्या वजनाला पेल्याच्या मापाने भागायचं. जे येईल ती घनता. आकडा १.३० च्या जवळ आला की माल ठीक. जास्त आला तर रंग जड आहे, थिनर घाला. कमी आला तर पातळ आहे, पूड घाला. शाळेत तुम्ही हे सातवीच्या मुलांना एका तासात शिकवत होतात. मला त्यावर एकतीस वर्षं पगार मिळाला.

पूर्वी आमचा पेला बरोबर शंभर मिलिलिटरचा होता. शंभराने भागायला काही लागत नाही, दशांश चिन्ह दोन घरं सरकवलं की झालं. एकोणीस वर्षांपूर्वी तो पेला माझ्या हातून रंगाच्या टाकीत पडला (वर्षाने टाकी धुतली तेव्हा सापडला, पण तोवर त्याच्यावर इतका रंग चढला होता की त्यात अंडंही मावलं नसतं). साहेबांनी लेथवाल्याकडून नवा करून घेतला. लेथवाला म्हणाला, माप बरोबर दिलंय, अगदी शंभर. मोजलं तर सत्त्याऐंशी. साहेब म्हणाले, "असू दे, भागाकार करायचाच आहे ना, सत्त्याऐंशीने करा." साहेबांना स्वतःला करायचा नव्हता. कॅल्क्युलेटर होता, पण त्याचं आठाचं बटण रंगाने चिकटून बसलं होतं, आणि आठाशिवाय सत्त्याऐंशी लिहायची सोय नाही. संध्याकाळी मी वही घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसलो. तुमची बहीण कुकर लावत होती. तिने खांद्यावरून वहीत पाहिलं आणि म्हणाली, "सरका."

त्या दिवसापासून आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक टाकीची घनता आमच्या स्वयंपाकघरात निघाली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दिवसाला तीन किंवा चार टाक्या. मी भरलेल्या पेल्याचं वजन लिहून आणायचो. ती उभ्या उभ्या, एका हातात पळी धरून, दुसऱ्या हाताने पेन्सिलीने तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहायची. टाकीतला रंग तसाही रात्रभर मुरावा लागतो, त्यामुळे कामाचा खोळंबा होत नसे. सकाळी मी खाली सही करून चिठ्ठी द्यायचो. सत्त्याऐंशीचा पाढा तिला आठवड्यात पाठ झाला. भांडी घासताना म्हणायची: सत्त्याऐंशी दुणे एकशे चौऱ्याहत्तर, सत्त्याऐंशी त्रिक दोनशे एकसष्ट. दोन वर्षांनी कारखान्यात नवा कॅल्क्युलेटर आला. मी तो टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि घरी बोललो नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्याकडे संध्याकाळी बोलायला फारसं काही नसायचं, आणि भागाकार रोज असायचा.

आता या पद्धतीत एक भोक होतं. वहीत "रिकामा पेला" असा एक रकाना छापलेला आहे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, तो आकडा माझ्या लक्षात आहे, लिहायची गरज नाही. त्यामुळे तो रकाना एकोणीस वर्षं कोरा राहिला. वजाबाकी ती मनात करायची. मी वहीत फक्त भरलेलं वजन आणि उत्तर पाहत आलो, आणि माणूस जे रोज पाहतो तेवढंच आहे असं त्याला वाटू लागतं.

शेवटचे आठवडे मी रजेवर होतो. साहेब नमुने बाहेर तपासून घेत होते. चार जानेवारीला मी कामावर रुजू झालो. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, पण मिक्सरच्या आवाजात हळू बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे दिवसभर नुसते ओठ हलताना दिसले. मी पेला भरला. वजन २३१.५ ग्रॅम. संध्याकाळी घरी टेबलावर बसून स्वतः भागाकार केला. पाऊण तास लागला. उत्तर आलं २.६६१. तीनदा केला, तीनदा तेच. मला वाटलं, मी चुकलो नाही. सकाळी सही करून चिठ्ठी मिक्सरवाल्या मामांना दिली.

मामांची आणि माझी नोकरी एकाच वर्षाची. मामा आकड्यावर शंका घेत नाहीत. घनतेच्या चिठ्ठीवर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा स्वतःच्या मुलांवर नाही, असं ते मुलांदेखत सांगतात. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी घरचं दुःख बाजूला ठेवून कामावर आलोय एवढ्यावरूनच त्यांनी थिनरचं पिंप उघडलं. दुपारी पुन्हा पेला भरला: २.५११. मामांनी दुसरं पिंप उघडलं. टाकी भरत आली म्हणून अर्धा माल शेजारच्या टाकीत घेतला. तिसऱ्या दिवशी जितका रंग तितकं थिनर झालं होतं आणि माझं उत्तर होतं २.४११. (तुम्हाला माहीतच असेल, पण सांगतो, दगडाची घनता साधारण एवढी असते. आम्ही तीन दिवस दगड पातळ करत होतो.)

शेवटी साहेब आले. त्यांनी ब्रश बुडवून नमुन्याची फळी रंगवली. रंग फळीवरून टेबलावर आला, टेबलावरून त्यांच्या बुटावर आला, आणि बुटावरही थांबला नाही.

साहेब म्हणाले, "मामा, हे काय आहे?"

"रंग आहे साहेब. जड आहे अजून."

"जड? हा माझ्या मोज्यात गेलाय."

"चिठ्ठीत दोन पूर्णांक एक्केचाळीस आहे," मामा म्हणाले. "मोज्याचं मला माहीत नाही."

साहेब माझ्याकडे वळले. ते चांगले गृहस्थ आहेत, रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त लाज वाटली. त्यांनी फक्त विचारलं, "पेल्याचं वजन वजा केलंत का?" मामांनी पहिल्यांदा चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दोन्ही टाक्यांकडे, आणि खाली बसले. साहेबांनी पेला धुवायला लावला, कोरडा केला आणि काट्यावर ठेवला: ११८.४ ग्रॅम. पहिल्या दिवशीच्या २३१.५ मधून ते वजा केले की उरतात ११३.१. त्याला सत्त्याऐंशीने भागलं की बरोबर १.३००. पहिल्या दिवशी रंगात काहीच दोष नव्हता. तो अगदी हवा तसा होता.

साहेबांनी वही उलटली, कोरा रकाना पाहिला आणि म्हणाले, आजवर मग कसं येत होतं? मी तेव्हा सांगून टाकलं. घरी होत होतं, असं म्हणालो. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले की वर्षभराच्या वह्या घरी न्या आणि तपासून आणा, कारण मागच्या वसंतात पुष्कळ गिऱ्हाइकांनी तक्रार केली होती की एका हातात भिंत झाकत नाही. (ती तक्रार मला आठवत होती. मी तेव्हा पूड देणाऱ्या व्यापाऱ्याला कडक पत्र लिहिलं होतं. त्याने माफी मागितली आणि एक डायरी भेट पाठवली. ती डायरी मी वापरतो आहे.) बिघडलेला माल टाकून कसा द्यायचा, म्हणून तो डब्यांत भरून आम्हा सगळ्यांना घरी वाटला. सध्या भिंतीवर आहे तो तोच.

गेले दोन आठवडे मी वह्या तपासतो आहे. पद्धत सोपी आहे, तुम्ही ताबडतोब ओळखाल. तिने लिहिलेल्या घनतेला सत्त्याऐंशीने गुणायचं आणि भरलेल्या वजनातून ते वजा करायचं. जे उरतं ते तिने मनात धरलेलं पेल्याचं वजन. म्हणजे जे तिने कधीच लिहिलं नाही ते उलट बाजूने काढता येतं. आधी जुन्या वह्या घेतल्या, महिन्याला एक पान. ११८.४. पुढच्या महिन्यात ११८.४. आम्ही घर बदललं त्या दिवशी ११८.४. तुमचे वडील गेले, ती रडून आली आणि म्हणाली वही द्या, त्या दिवशीही ११८.४. खरं सांगतो, ते काढताना मला दोन दिवस बरं वाटलं.

मग गेल्या वर्षाची वही उघडली. अकरा मार्चला ११४.८ निघालं. मला वाटलं माझाच गुणाकार चुकला. पुन्हा केला. चौदा तारखेला ११८.४. वीस तारखेला १११.४. एप्रिलमध्ये एका पानावर तीन टाक्यांना तीन वेगवेगळे पेले. मे महिन्यातली पानं खोडरबराने इतकी पातळ झाली आहेत की मागची अक्षरं दिसतात. तिने तोच भागाकार चार चार वेळा केलेला आहे. एकाही पानावर मला ते दिसलं नव्हतं. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे.

डोकं दुखतं असं ती मला ऑगस्टमध्ये म्हणाली. आम्ही लगेच गेलो. डॉक्टरांनी फोटो पाहून गाठ आहे म्हणून सांगितलं आणि मला विचारलं, याआधी काही जाणवलं होतं का, शब्द विसरणं, आकड्यांचा गोंधळ, हिशेबात चुका? मी म्हणालो, "छे, हिशेबात ती कधी चुकत नाही." वही तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. ती शेजारी बसली होती. ती खिडकीकडे पाहत राहिली. पाच महिने आधी कळलं असतं तर काही झालं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारायला गेलो होतो. बाकावर बसलो आणि नंबर यायच्या आधी उठून आलो.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की कळण्यासारखं होतं. लिहिलेलं होतं, माझ्या वहीत होतं, मी ते रोज सकाळी मामांना नेऊन देत होतो. ते भिंतींवर लागलं, लोकांनी तक्रार केली, आणि मी त्याचं खापर पूडवाल्यावर फोडलं. कारखान्यात आणि घरात मी एकच चूक केली, भरलेलं पाहिलं आणि वजा करायचं राहून गेलं. फक्त एक गोष्ट मला अजून समजत नाही. सहा जूनपासून सगळी उत्तरं पुन्हा बरोबर आहेत. मी रजा घेईपर्यंत, अगदी हॉस्पिटलमध्ये मी वही नेत होतो तेव्हाचीसुद्धा. एक दशांशाचाही फरक नाही. आजार वाढत होता आणि हिशेब सुधारत होता, हे कसं, ते मला गणितात बसवता येत नाही. तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हाला कदाचित येईल.

साडूभाऊंना नमस्कार. गुडघ्याला ऊन लागू द्या.

तुमचा मेहुणा,
पेलेवाला

ता. क. दीड वाजला. रंग वाळला की नाही ते पाहायला गेलो होतो. हात दिला तेव्हा चष्मा काढून ठेवला होता (शिंतोडे उडतात), त्यामुळे काही दिसलं नव्हतं. आता चष्मा लावून पाहिलं. कॅलेंडर लावलेलं होतं तिथे, खिळ्याच्या वीतभर खाली, तिच्या अक्षरात पेन्सिलीने ११८.४ लिहिलेलं आहे. खाली सत्त्याऐंशीचा पाढा आहे, दहापर्यंत. शेजारी बारीक अक्षरात तारीख घातली आहे, ६ जून. दोनदा गिरवलेलं आहे. चांगला रंग असता तर एका हातात झाकून गेलं असतं. हा आमचा तीन दिवसांचा रंग आहे, यात सगळं दिसतं.

म्हणजे संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून कॅलेंडर का उचलायची ते आता कळलं. मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, कोणता वार आहे ते बघते. हॉस्पिटलमध्ये तिच्या मनगटावर आतल्या बाजूला पेनने काहीतरी लिहिलेलं असायचं. मला वाटायचं, नर्सने लिहिलं असेल.

ता. क. २. ती दर रविवारी चार वाजता तुमच्याशी बोलायची. जूनमध्ये ती तुम्हाला काही म्हणाली होती का, हे मी विचारत नाही. दारात उभं राहून विचारलेला प्रश्न माणूस पुढे किती दिवस वागवतो ते मला माहीत आहे. माझी विनंती वेगळी आहे. माझा भागाकार कच्चा आहे, हे वर सिद्ध झालंच. पाढे तिला तुम्ही पट्टी घेऊन शिकवलेत असं ती सांगायची, तेव्हा सत्त्याऐंशीचा तुम्हाला अवघड नाही. रविवारी चार वाजता मी फोन करून आठवड्याचे आकडे सांगितले तर तुम्ही ते तपासून द्याल का? पेल्याचं वजन मी स्वतः वजा करून आणीन. दुसरं काही बोलायची गरज नाही. तुम्ही उत्तर सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं.

ता. क. ३. हे लिहायचं मनात नव्हतं, पण लपवणंही बरोबर नाही. साहेबांनी बाहेरून बरोबर शंभर मिलिलिटरचा पेला मागवला आहे. तो पहिल्या तारखेला येईल. नंतर भागाकार उरणारच नाही, चिन्ह सरकवलं की झालं. जुना पेला मी मागून ठेवला आहे. शिवाय खणातला कॅल्क्युलेटरही चालतो, सतरा वर्षांनी बटण दाबलं तर लगेच शून्य दाखवलं. तेव्हा वरच्या विनंतीला तसं काही कारण नाही. तरी फोन केला तर चालेल का, ते कळवा.

दुसरा हात द्यायचा होता, तो दिला नाही. ब्रश थिनरमध्ये धुतला, पुसला आणि उभा करून ठेवला. डबे परत ओट्यावर मांडले. कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं, डिसेंबरवरच राहिलं होतं. ते त्याच खिळ्याला लावलं.